गाडी पळवायची की दाखवायची?

जून २०२२ मध्ये वऱ्हाडाचे नाव गिनेस बुकात गेले ते रस्त्यामुळे. अमरावती-अकोला या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर, लोणी ते माना या पट्ट्यात, ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली आणि कतारच्या नावावरचा आधीचा विक्रम मोडला. त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. अमरावती, वाशीम आणि बुलडाणा या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ज्या मुलखात कालपरवापर्यंत खड्ड्यांवरून निवडणुका लढवल्या जात, तेथे एकाएकी वेग आला. मात्र त्या वेगाचे काय करायचे याचे शिक्षण कोणी दिले नाही, आणि ते आपण कोणी मागितलेही नाही.

मी जठारपेठेत राहतो. संध्याकाळी साडेसातनंतर चौकातून ज्या छोट्या मोटारी जातात त्या मी आता आवाजावरून ओळखू लागलो आहे. बहुतेक जुन्या आल्टो, स्विफ्ट, एखादी वॅगनआर. घरातल्या वडीलधाऱ्यांनी दहा-बारा वर्षे सांभाळून वापरलेली गाडी आता चिरंजीवांच्या हाती आलेली. पहिल्या महिन्यात काचांना काळी फिल्म लागते. दुसऱ्या महिन्यात सायलेन्सर बदलतो. तिसऱ्या महिन्यात स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकवली जाते आणि चाकांत रुंद टायर येतात, इतके रुंद की स्टेअरिंग पूर्ण वळवले की ते मडगार्डला घासतात. यावर होणारा खर्च ऐकला की मन विषण्ण होते, कारण एवढे सगळे करून ती गाडी आधीपेक्षा हळू धावते, उशिरा थांबते आणि वाईट वळते.

हे माझे मत नाही, हे यंत्रशास्त्र आहे. त्याच यंत्रशास्त्राच्या आधाराने जगभर एक स्वस्त आणि तुलनेने सुरक्षित खेळ चालतो. त्याचे नाव ऑटोक्रॉस. वेगाच्या आकर्षणाला रस्त्याऐवजी मैदान द्यायचे असेल, तर आपल्यासारख्या मध्यम शहरांना परवडेल असा हाच एक प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑटोक्रॉस म्हणजे शर्यत, पण दुसऱ्या गाडीशी नव्हे, घड्याळाशी. मोकळ्या जागेवर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाचा तात्पुरता मार्ग आखतात. एकेक गाडी सोडतात. सर्वांत कमी वेळ ज्याचा, तो पहिला. अमेरिकेत हा खेळ वाहनतळाच्या डांबरावर चालतो. तेथील स्पोर्ट्‌स कार क्लबच्या नियमाप्रमाणे शंकू पडला की वेळेत दोन सेकंद मिळवतात. इंग्लंडात तो शेतातल्या गवतावर वाढला. आपल्याकडे मोटार स्पोर्ट्‌स क्लबांच्या फेडरेशनच्या परवानगीने जे ऑटोक्रॉस होतात, ते बहुधा मातीच्या किंवा मुरमाच्या मार्गावर. सरळ पट्टा लांब ठेवायचा नाही, हे या खेळाचे मर्म आहे. वळणेच इतकी जवळजवळ असतात की गाडीला फार वेग घेता येत नाही. म्हणून अश्वशक्तीपेक्षा हात, पाय आणि डोळा यांची परीक्षा होते, आणि म्हणूनच त्यात जुनी आल्टो नव्या महागड्या गाडीला लाजवू शकते.

वऱ्हाडी माणसाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. शंकरपट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की तेथेही जोडी धावते ती सेकंदाच्या काट्याशी. पटाचा बैल कोणी झुली आणि घुंगरे पाहून निवडत नाही. त्याचे खूर पाहतात, छाती पाहतात, खुराक पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. बंदीच्या काळात चोरून पट भरत, हे उघड गुपित होते. नियम आल्यावर निदान जबाबदार कोण हे कागदावर आले. प्राण्यांच्या छळाचा प्रश्न तेथे वेगळा आहे आणि तो मी येथे उकरत नाही. मोटारीला वेदना होत नाहीत, एवढा तरी ऑटोक्रॉसचा मार्ग सोपा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखाद्या पोराने खरोखर ठरवले की बायपास सोडून मैदानावर उतरायचे, तर घरच्या छोट्या गाडीत त्याने आधी काय बदलावे?

माझ्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत. गाडी घेऊन आलेल्या प्रत्येक तरुणाला ते पहिला प्रश्न विचारतात, ‘‘भाऊ, गाडी पळवाची हाये का दाखवाची हाये, थे आंधी सांगा.’’ पळवायची असेल तर पहिल्या दिवशी त्यांचे उत्तर ठरलेले असते : काही बदलू नका. मलाही ते पटते. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत जो वेळ वाचतो तो चालवणाऱ्याच्या सुधारण्याने वाचतो, सामानाने नव्हे. ज्याला अजून गाडी कोठे घसरते हेच कळले नाही, त्याने ती घसरू नये म्हणून सामान विकत घेणे म्हणजे ताप न मोजता औषध घेण्यासारखे आहे.

तरीही काही गोष्टी आधी केल्याच पाहिजेत, आणि त्यांत ब्रेक ऑईल पहिले. आपल्याकडे गाडीचे इंजिन ऑईल वेळच्या वेळी बदलणारे सज्जनही ब्रेक ऑईल वर्षानुवर्षे बदलत नाहीत. हे द्रव हवेतले पाणी शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. मैदानावर मिनिटभरात दहा-पंधरा वेळा ब्रेक दाबला जातो. आमच्या मे महिन्यात, जेव्हा पारा पंचेचाळिशीला भिडलेला असतो, तेव्हा जुने द्रव उकळायला फार वेळ लागत नाही. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दबतो. पाय थेट तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. काहीशे रुपयांची बाटली आणि अर्ध्या तासाची मजुरी यांत हा धोका टळतो. सोबत पुढचे पॅड चांगल्या कंपनीचे घालावेत. छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचीच चाके करतात.

पुढचीच चाके, हा शब्द लक्षात ठेवावा. कारण या गाड्यांचे सारे गुणदोष त्यातच आहेत.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. त्याआधी ॲम्बेसेडर आणि पद्मिनी या दोन्ही गाड्यांना मागची चाके ढकलत. मारुतीला पुढची चाके ओढतात. इंजिन, गिअरपेटी, सगळे बोनेटखाली. त्यामुळे एकट्या चालकासह गाडीच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन टायरांवर येतो. चिखलात, ओल्या रस्त्यावर हे फायद्याचे, कारण ओढणाऱ्या चाकांवर वजन असते. पण त्याच दोन टायरांना वळायचेही असते आणि ब्रेकही मुख्यतः त्यांनाच लावायचा असतो. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी आहे. ब्रेकवर खर्च केली तर वळायला उरत नाही, वळण्यावर खर्च केली तर ॲक्सिलरेटरला उरत नाही. पगाराबाहेर खर्च केला की गाडी स्टेअरिंगचे ऐकत नाही आणि नाक बाहेरच्या बाजूला घेऊन सरळ जाते. नवशिका घाबरून स्टेअरिंग आणखी वळवतो, त्याने टायर आणखी घासतो आणि गाडी आणखी सरळ जाते. बायपासच्या वळणावर दुभाजकावर चढलेली गाडी पाहून लोक ‘ब्रेक फेल झाला असेल’ म्हणतात; पुष्कळदा फेल झालेली असते ती ही उधारी.

याला उतारा काय? गंमत अशी की या दोषाचा उतारा मागच्या चाकांत आहे. पुढच्यांची पकड वाढवता येत नसेल तर मागच्यांची थोडी कमी करायची, म्हणजे शेपूट वळणात सैल पडून गाडी फिरते. सर्वांत स्वस्त उपाय हवेचा. मागच्या टायरांत नेहमीपेक्षा चार-पाच पौंड जास्त हवा भरून पाहावी, अर्थात टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. पुढे किती ठेवायची यासाठी डांबरी मैदानावर एक साधी युक्ती आहे. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तेथे, खडूने रेघ मारावी आणि एक फेरी घ्यावी. रेघ बाजूवर खोलपर्यंत पुसली गेली तर टायर वळणात दुमडतो आहे, हवा वाढवा. नक्षीच्या कडेवर रेघ जशीच्या तशी राहिली तर हवा जास्त आहे. मुरमावर हा खडू उपयोगाचा नाही. तेथे हवा थोडी उतरवून पाहावी, आणि दगड किती टोकदार आहेत हे आधी पायी फिरून बघावे. घरी परतताना हवा पूर्ववत करायला विसरू नये.

त्याच्या पुढची पायरी मागच्या बाजूच्या जाड अँटीरोल बारची. वळणात गाडी कलंडते तेव्हा आतल्या बाजूचे पुढचे चाक हलके होते. आपल्या गाड्यांतले साधे डिफरन्शियल नेमकी ताकद त्या हलक्या चाकाला वाया घालवू देते, ते जागच्या जागी फिरते आणि धूर काढते. मागे जाड बार असला तर कलंडणे कमी होते, मागचे आतले चाक उचलले जाते आणि पुढचे जमिनीवर दबून राहते. परदेशी मासिकांत तीन चाकांवर वळणाऱ्या छोट्या गाड्यांची छायाचित्रे असतात ती याचीच. परंतु हा बदल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा आहे. बार बसवलेली गाडी पावसात मूर्तिजापूरच्या रस्त्यावर अचानक मागून फिरू शकते. त्याचप्रमाणे पुढची चाके अलाइनमेंटमध्ये किंचित बाहेर उघडून घेतली तर गाडी वळणात चटकन शिरते, पण महामार्गावर ती एका रेषेत राहत नाही आणि टायर आतून झिजतात. त्याच गाडीतून गुरुवारी आईला शेगावला न्यायचे असेल तर कंपनीच्या मापावरच अलाइनमेंट ठेवावे.

बाकी जे करायचे ते काढण्याचे काम आहे. स्टेपनी, जॅक, मागच्या शेल्फवरचे स्पीकर, डिकीतली पाण्याची कॅन. साडेसहाशे-सातशे किलोच्या गाडीतून पंचवीस-तीस किलो उतरले तर फरक जाणवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीटखालची बाटली. ब्रेक मारताना ती घरंगळत पुढे येते आणि पेडलखाली अडकते. सुटी मॅट काढावी. बॅटरीची पट्टी घट्ट आहे का पाहावे. चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळावेत. मुरमावर धावायचे तर इंजिनच्या चेंबरखाली जाड पत्र्याचे गार्ड हवेच. आपल्या भागात चेंबर फुटून ऑईल सांडलेल्या गाड्या काही कमी नाहीत. प्रत्येक दिवसानंतर एअर फिल्टर झटकावा. आणि हेल्मेट. मोटारीत हेल्मेट घालायचे म्हटले की मुले हसतात. मैदानावर त्याशिवाय कोणी सोडत नाही.

यात सायलेन्सर कोठेच आला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आला नाही कारण त्याने काही होत नाही. शेवटचा डबा कापून मोकळा केला तर आवाज वाढतो, अश्वशक्ती नाही. कापलेल्या स्प्रिंगचे तर नावच नको. कापल्याने स्प्रिंग कडक होते, शॉकॲब्जॉर्बरला ती पेलत नाही आणि खड्ड्यात चाक जमीन सोडते. रुंद आणि जड चाके लहान इंजिनाला ओढावी लागतात. म्हणजे बाजारात ‘स्पोर्टी’ म्हणून जे विकले जाते त्यातला बराचसा भाग खेळाच्या विरोधी आहे. या व्यापाराला ग्राहक मिळतो, कारण ग्राहकाला वेग मोजण्याची जागाच नाही. घड्याळ असते तर एका रविवारी पितळ उघडे पडले असते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ मांडणीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. मालकाने असा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ब्रेक ऑईल, पॅड, मूळ मापाचा टायर, हवा यांना कोणाची हरकत नाही. वेल्डिंग करून गाडीच्या सांगाड्याला हात लावला की प्रकरण निराळे होते. म्हणूनच अव्वल स्पर्धेच्या गाड्या ट्रकवर घालून मैदानावर आणतात. कलम १८९ तर थेट शर्यतीबद्दल आहे : राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी वेगाची शर्यत लावणाऱ्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड. यातला ‘लेखी संमतीशिवाय’ हा शब्दप्रयोग सगळे विसरतात. कायदा शर्यतीचे दार बंद करत नाही, फक्त त्याला कडी लावतो. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मैदानावर गाडी आपटली तर खर्च आपला.

राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोलर फिरवला. छायाचित्रे छान आली. त्याला माझा विरोध नाही. रुग्णालयासमोर फटाके फोडत जाणाऱ्या गाडीचे कौतुक कोणी करू नये. परंतु केंद्राच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात, आणि देशातील मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या रकान्यात आहेत. रोलरने आवाज दबतो, हा रकाना नाही.

कोईमतूरचे उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करते. तेही कापसाचे आणि गिरण्यांचे शहर. तेथल्या एस. करिवर्धन यांनी १९८८ च्या सुमारास मारुती ८०० चे इंजिन घेऊन एकआसनी शर्यतीची गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती. त्याआधी दक्षिणेतली शर्यत चालत असे ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरला ट्रॅक झाला, आणि तेथे फॉर्म्युला मारुतीत सुरुवात केलेला कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. २००३ मध्ये कोईमतूरजवळ झालेल्या ट्रॅकला त्यांचे नाव आहे. ते शहर गिरणीबरोबर गिरणीची यंत्रेही बनवायला शिकले. आमच्याकडे सरकी निघाली, गाठी बांधल्या गेल्या आणि कापूस रेल्वेने निघून गेला. सावतराम मिलसारख्या गिरण्यांचा भोंगा थांबल्यावर लेथवर हात बसलेली माणसे विखुरली. जी उरली ती आज गॅरेजांत आहेत आणि त्यांच्या कसबाकडून आपण सायलेन्सर कापून घेतो.

महाराष्ट्रात हे अजिबात झाले नाही असे नाही. नाशिकने रॅली भरवल्या, पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीपर्यंत पोचले. पण अमरावती-अकोल्याकडे हा खेळ शिकायला जायचे कोठे? शिवणीची धावपट्टी १९४३ पासून आहे आणि तिच्या विस्ताराची चर्चाही आता वयात आली आहे. मी तिच्यावर डोळा ठेवत नाही. विमाने आली तर बरेच. ऑटोक्रॉसला एवढी लांबी लागतही नाही. फुटबॉलच्या दोन-तीन मैदानांएवढी सपाट जागा पुरते. आपल्या काळ्या मातीचे मात्र खरे संकट आहे. पावसात ती चाकाला चिकटून मडगार्ड भरते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. मुरूम टाकून, पाणी मारून, दाबून घेतल्याशिवाय तिच्यावर गाडी पळवणे हा वेडेपणा ठरेल. बाजार समितीच्या आवारात हंगाम उतरल्यावर काँक्रीटचे अंगण मोकळे पडते. औद्योगिक वसाहतीत रविवारी शुकशुकाट असतो, तेथला एखादा अंतर्गत रस्ता लेखी संमतीने चार तास बंद करता येईल.

हव्यासाठी हव्या असलेल्या वस्तूंची यादी लहान आहे : पन्नास शंकू, प्रकाशकिरणावर चालणारे एक घड्याळ, दोन अग्निशामक नळकांडी, एक रुग्णवाहिका, प्रेक्षक मार्गापासून लांब राहावेत म्हणून बांबू आणि दोर. गाड्या तपासायला दोन अनुभवी मिस्त्री, ज्यांना सैल चाक दिसले तर आमदाराच्या पुतण्यालाही परत पाठवण्याची मुभा असेल. फेडरेशनशी संलग्न क्लब आणि त्याचा परवाना. आणि परिवहन कार्यालय, पोलीस व जिल्हाधिकारी या तीन टेबलांवरून फिरून आलेला एक कागद. यातला महाग भाग कोणता असेल तर तो कागद. फेब्रुवारीच्या सकाळी, ऊन चढण्याआधी, पहिली फेरी सोडायची असेल तर त्यासाठी अर्ज दिवाळीच्या आधीच द्यावा लागेल.